गर्दी मैदानात, मत पेटीत

गोरेगावात सिनेनट ही काही मुद्दाम बघायला जायची वस्तू नव्हती. स्टेशनातून पश्चिमेला उतरायचं, घोडबंदर रस्ता धरायचा, की फिल्मिस्तान स्टुडिओचं फाटक. पलीकडे मालाडला बॉम्बे टॉकीज. १९४३ साली बॉम्बे टॉकीजमधून फुटून शशधर मुखर्जी, अशोककुमार या मंडळींनी फिल्मिस्तान काढला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत माझे आजोबा, राजापूरकडचे सुतार, तिथल्या सेटिंग खात्यात चिकटले. सकाळी डबा घेऊन जायचं, बांबू, वासे आणि कॅनव्हासातून कुणाचा तरी वाडा उभा करायचा आणि शूटिंग आटोपलं की तो पाडून खिळे उपसायचे. वाकडे झालेले खिळे दगडावर आडवे धरून हातोडीच्या हलक्या टोल्यांनी सरळ करायचे आणि परत डब्यात टाकायचे. ही सवय त्यांना इतकी लागली होती की निवृत्तीनंतरही रस्त्यात खिळा दिसला की ते वाकत.

‘शहीद’मधला दिलीपकुमार आणि ‘मुनीमजी’तला देव आनंद त्यांनी पाहिले ते कामाच्या वेळात. घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. आजीला राहवायचं नाही. “अहो, ती नलिनी जयवंत खरंच तशी दिसते का?” असं ती विचारायची. आजोबा म्हणायचे, “मला काय ठाऊक, मी शिडीवर होतो.”

पण निवडणुकीचं व्यासपीठ बांधायलाही सुतारच लागतो. त्यामुळे आमच्या घरात सिनेमा आणि राजकारण एकाच पिशवीतून आले, रंधा-पटाशीच्या पिशवीतून. नट राजकारणात कसे आले, का आले, आले ते टिकले का, याचा इतिहास मी पुस्तकांतून फार उशिरा वाचला. त्याआधी तो आजोबा, आजी, मामा आणि विरारची मावशी यांच्याकडून ऐकला होता. या चौघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही, आणि म्हणून तो इतिहास ऐकायला मजा यायची.

आजोबांच्या तोंडी एक नाव मात्र आदराने यायचं: अत्रेसाहेब. तसं म्हटलं तर अत्रेही सिनेमातलेच. त्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ साली पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्याच्या कितीतरी आधीपासून नाटककार, विनोदी लेखक, ‘नवयुग’चे संपादक म्हणून त्यांना घरोघर ओळखत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते उतरले तेव्हा प्रसिद्धी मिळवायचं त्यांना काही कारणच उरलेलं नव्हतं. १९५५च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, पुढे जानेवारीत मुंबई पेटली, आणि १५ नोव्हेंबर १९५६ ला अत्र्यांचं दैनिक ‘मराठा’ निघालं. चाळीत एकच अंक यायचा. आजोबा ओसरीवर बसून तो मोठ्याने वाचत आणि अग्रलेखातल्या शिवीवजा विशेषणांपाशी थांबून आजीकडे बघत. मुलं जवळ असली तर विशेषण गाळत, पण ते गाळलंय हे कळेल इतकं मोठ्यांदा खाकरत.

शिवाजी पार्कच्या सभेला ते लोकलने जायचे. परत येऊन भाषण सांगायचे ते अत्र्यांच्या हातवाऱ्यांसकट. अमर शेखांबद्दल मात्र त्यांना हातवारे पुरत नसत. बार्शीचा हा माणूस, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, डफ घेऊन उभा राहिला की ध्वनिक्षेपक ही सरकारने फुकट खर्च केलेली चीज वाटायची, असं ते म्हणायचे. त्याच लाल बावटा कलापथकात वाटेगावचे अण्णा भाऊ साठे होते, दत्ता गवाणकर होते. मुंबईच्या गिरणगावातल्या कामगाराला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल कुणी वाचून दाखवला नव्हता. तो वाद त्याला समजला तो अण्णा भाऊंच्या छक्कडीतून. तिकडे पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणाऱ्या निळू फुले नावाच्या तरुणाने राष्ट्र सेवादलाच्या कलापथकासाठी १९५७च्या निवडणुकीत एक वग लिहिला होता.

म्हणजे वलय होतंच. फक्त ते चेहऱ्याला नव्हतं, जिभेला होतं. मला तर वाटतं, महाराष्ट्राला एमजीआर किंवा एनटीआर का मिळाला नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे. तामिळनाडूत एमजीआर १९७७ साली मुख्यमंत्री झाले ते, १९८०मधले काही महिने सोडले तर, अखेरपर्यंत. आंध्रात एनटीआरनी १९८२च्या मार्चमध्ये पक्ष काढला आणि पुढच्या जानेवारीत ते मुख्यमंत्रिपदी बसले. तिथे नट, भाषा आणि मतदार ही तिन्ही एकाच मातीतली. मुंबईत नटांची रेलचेल, पण ते हिंदी-उर्दू बोलणार, पेशावर-लाहोर-लखनौहून आलेले. त्यांचे चाहते जालंधरपासून पाटण्यापर्यंत पसरलेले, एका मतदारसंघात मावणारे नव्हेत. आणि मराठी माणसाला गर्दी करून ऐकायला लागायचा तो शाहीर, वक्ता, विनोदी लेखक, व्यंगचित्रकार. तोंडाने जिंकणाऱ्यांची आमच्याकडे कधी वानवा पडली नाही.

१९५७ साली अत्रे दादरमधून विधानसभेत गेले. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि १९६२ला त्याच मतदारांनी काँग्रेसला भरभरून मतं दिली. समिती विरून गेली. मामा लहान होता, पण त्याला आठवतंय, अत्र्यांच्या सभांना तेव्हाही मुंगी शिरायला जागा नसायची. आजोबांना याचं अजिबात आश्चर्य वाटलं नव्हतं. “भाषण ऐकायला गेलो म्हणजे मत बांधून दिलं का?” असं ते म्हणायचे. सभेला जाणं हा त्यांच्या लेखी एक कार्यक्रम होता आणि मत देणं दुसरा. एकाचे कपडे दुसऱ्याला चालत नसत. खरंच, मतदानाच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालायचे.

त्या १९६२च्या निवडणुकीत उत्तर मुंबईकडे साऱ्या देशाचं लक्ष लागलं होतं. काँग्रेसकडून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, विरुद्ध आचार्य कृपलानी. कृपलानी अपक्ष, पण प्रजासमाजवादी, स्वतंत्र, जनसंघ सगळे त्यांच्या मागे. मेनन यांना हिंदी धड येत नव्हतं, मराठीचा प्रश्नच नाही. नेहरूंनी दिलीपकुमार यांना गळ घातली आणि ते मेनन यांच्या प्रचारात उतरले. सिनेसृष्टीतले आणखीही बरेच जण आले. ज्याला लोकांची भाषा येत नाही त्याच्या वतीने बोलायला, ज्याची भाषा ऐकायला लोक पैसे मोजतात तो उभा राहिला. हिंदुस्थानच्या राजकारणात नटाचा असा नेमका उपयोग त्याआधी फारसा कुणी केला नसेल.

आमच्या भागातल्या एका सभेचं व्यासपीठ आजोबांनी आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी बांधलं होतं. कोण कोण नट आले होते, याबद्दल आजोबा दर वेळी वेगळी नावं सांगत, त्यामुळे मी ती लिहीत नाही. व्यासपीठाबद्दल मात्र त्यांच्या बोलण्यात कधी फरक पडला नाही. वरच्या फळ्या साऱ्या सारख्या जाडीच्या होत्या. खाली चौकोनी पाय, त्यांना दोन्ही बाजूंनी तिरपे वासे मारलेले, कारण नुसते उभे पाय वजन पेलतात पण धक्का पेलत नाहीत. पुढाऱ्यांची सभा असली की माणसं चढून जागच्या जागी बसतात, वजन खाली जातं. पण सिनेमातली माणसं आली की सगळे एका कडेला धावतात. आजोबांनी म्हणून आयोजकांना न विचारताच पुढच्या कडेला आणखी दोन पाय दिले होते. नट आले, कार्यकर्ते वर चढले, मग कार्यकर्त्यांचे मेहुणे चढले. फळी करकरली, पण टिकली. उमेदवाराचं भाषण सुरू झालं तोपर्यंत निम्मं मैदान रिकामं झालं होतं, कारण नट गाडीत बसले होते आणि लोक गाडीमागे पळत होते.

मेनन प्रचंड मतांनी निवडून आले. दिलीपकुमारमुळे आले, असं वर्षानुवर्षं बोललं गेलं. आजीला हे मुळीच मान्य नव्हतं. तिचं माहेर बांद्याचं, गोव्याच्या वेशीवरचं. १९५५ला पत्रादेवीच्या वाटेने गेलेले सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले, तेव्हा तिच्या माहेरच्या माणसांनी जखमींना पाणी पाजलं होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला आणि दोनच महिन्यांनी मतदान. चाळीतल्या कोकणी घरांनी संरक्षणमंत्र्याला मत दिलं ते गोव्यासाठी, असं ती ठासून सांगायची. “तुमच्या दिलीपकुमारला मी ‘गंगा जमुना’त बघितला, तेवढं पुरे. मत मी बांद्याकडे बघून दिलं.”

त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि नोव्हेंबरात मेनन मंत्रिमंडळातून गेले. १९६७ला पक्षाने त्यांना तिकीटच दिलं नाही. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे निवडणुकीनंतर लगेचच वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं. पाच वर्षांपूर्वीचं ते वलय गेलं कुठे, हा प्रश्न मामाला विचारायचा. मामा तोपर्यंत ‘मार्मिक’ वाचायला लागला होता, नव्या शिवसेनेच्या शाखेत बसायला लागला होता आणि मेनन यांना पाडण्यात आपला वाटा आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. वास्तविक त्याला तेव्हा मताचा हक्कसुद्धा नव्हता.

मामाचा हिरो दादा कोंडके. तेही सेवादलाच्या बँडमधून आलेले. ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्यांना मराठी मुलखाने डोक्यावर घेतलं, आणि १९७१ला ‘सोंगाड्या’ आला. दादरच्या कोहिनूर थिएटरने तो लावायचं नाकारून देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावला. मग शिवसैनिक कोहिनूरवर गेले आणि ‘सोंगाड्या’ लागला. मामा त्या दिवशी तिथे होता की नाही, हे नक्की सांगता येत नाही. दादरमधले त्या वयाचे सगळेच पुरुष त्या दिवशी तिथे होते म्हणतात. पण दादांनी ते देणं पुढे फेडलं. गावोगाव सेनेच्या सभा गाजवल्या. द्व्यर्थी बोलून सत्ताधाऱ्यांना सोलून काढायचं आणि हसणाऱ्याला वाटावं की आपणच काहीतरी वावगं ऐकलं, ही त्यांची खास करामत. लोक पोट धरून हसले, पण मुख्यमंत्री म्हणून कुणाला त्यांची कल्पना करवली नाही. विनोदी माणसाला महाराष्ट्र सारं काही देतो, खुर्ची तेवढी देत नाही.

सेवादलातून आलेल्या दुसऱ्या नटाचं उलटं झालं. निळूभाऊंनी पडद्यावर इतके बेरकी पाटील आणि सरपंच रंगवले, ‘सामना’त हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट असा उभा केला, की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे ‘पुढारी’ म्हटलं की त्यांचाच चेहरा येतो. खऱ्या आयुष्यात मात्र त्यांनी निवडणुकीच्या वाटेला न जाता अंधश्रद्धा निर्मूलनाला, सामाजिक कृतज्ञता निधीला नाव आणि वेळ दिला. डॉ. श्रीराम लागू आणि इतर नामवंत नटांबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून कार्यकर्त्यांसाठी पैसे उभे केले. पुढाऱ्याचं काम इतकं हुबेहूब केल्यावर पुढारी व्हायची हौस उरत नसावी.

आता आजीचा काळ. गोरेगावात नटापेक्षा मोठी प्रसिद्धी एका बाईला मिळाली आणि ती पाण्यामुळे. मृणाल गोरे १९६१ला नगरसेविका झाल्या. नळाला पाणी नाही, झोपडपट्टीला तर नळच नाही, आणि या बाई हंडे घेऊन बायकांना थेट अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत नेत. १९७२च्या महागाईविरोधी लाटणे मोर्चात आजी गेली होती. तिने नेलेलं लाटणं आजोबांनी सागाच्या तुकड्यातून बनवलं होतं. ते एरवीही जड होतं, पण मोर्चात वर धरून आरडाओरडा करताना मनगट भरून आलं, अशी तक्रार तिने घरी येऊन केली. आजोबांनी ते रंध्याने दोन सूत बारीक करून दिलं. पुढच्या मोर्चाला ती तेच घेऊन गेली.

आणीबाणीत मृणालताई आधी भूमिगत होत्या, मग तुरुंगात. १९७७ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. तेव्हा मुंबईच्या भिंतींवर लिहिलं गेलं: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. ही घोषणा आजी म्हातारपणी तिचं स्वतःचं नाव विसरायला लागली तेव्हाही न चुकता म्हणायची.

त्या निवडणुकीत आईने पु. ल. देशपांड्यांना ऐकलं. आदल्या काळात दुर्गाबाई भागवत कराडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या आणि तुरुंगात गेल्या होत्या. आता पु. ल. जनता पक्षाच्या सभांतून बोलायला लागले. ज्यांची रेकॉर्ड लावून घरोघर हसायचं, ते पु. ल. भर मैदानात चिडून बोलताना बघून आईला पहिल्यांदा भीती वाटली होती. “हे इतके चिडलेत म्हणजे खरंच काहीतरी भयंकर झालेलं असणार,” असं तिला वाटलं. प्रसिद्धीचा याहून नेमका उपयोग मला ठाऊक नाही. सरकारलाही सिनेमाची ताकद चांगली कळत होती. आणीबाणीत किशोरकुमारांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. १९७७च्या ६ फेब्रुवारीला रामलीला मैदानावरच्या सभेला लोक जाऊ नयेत म्हणून दिल्ली दूरदर्शनने ‘बॉबी’ लावला. तरी मैदान भरलं. डिंपल हरली, असं आई म्हणते.

निकालानंतर पु. ल. आपल्या कामाकडे परत गेले. कुठलंही पद त्यांनी घेतलं नाही. इकडे आजोबांच्या वाट्याला एक चमत्कारिक प्रसंग आला. ज्या मोरारजी देसाईंना १९५६ला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापायी त्यांनी ओसरीवर बसून रोज शिव्या घातल्या होत्या, तेच त्यांच्या मताने पंतप्रधान झाले. त्यावर ते वर्षभर काही बोलले नाहीत.

देव आनंदचं प्रकरण घरात विनोद म्हणूनच सांगितलं जातं. १९७९ला त्यांनी नॅशनल पार्टी काढली, शिवाजी पार्कवर सभा झाली, पुढे पार्टी विरघळली. आजोबांचं मत इतकंच की फार घाई केली त्यांनी. सेट बांधायच्या आधीच शॉट लावला.

१९८४ हे नटांचं वर्ष. इंदिराजींची हत्या, राजीव गांधींची लाट. अलाहाबादेत अमिताभ बच्चन यांनी हेमवतीनंदन बहुगुणांना १ लाख ८७ हजारांहून जास्त मतांनी हरवलं आणि बोफोर्सच्या गदारोळात १९८७ला ते राजीनामा देऊन मोकळे झाले. आमच्या पश्चिम उपनगरात सुनील दत्त उभे राहिले, समोर राम जेठमलानी. दत्त जिंकले आणि नंतरही जिंकत राहिले. माझी सारी वडीलधारी मंडळी त्यांच्याबद्दल मात्र एका सुरात बोलायची, आणि हे आमच्या घरात फारच क्वचित घडे. १९८७ला पंजाब जळत असताना हा माणूस मुलीला घेऊन मुंबईहून अमृतसरपर्यंत चालत गेला, सुमारे दोन हजार किलोमीटर. १९९२-९३च्या दंगलींत शहर होरपळत असताना स्वतःच्याच पक्षाच्या सरकारकडून होणारी कुचराई पाहून खासदारकीचा राजीनामा दिला. सेनेचा पक्का माणूस असलेला मामा त्या दिवसांत दत्तांवर भयंकर चिडलेला होता. पण त्याचं वाक्य मला आठवतं: “आपल्या विरुद्ध आहे, पण जागेवर आहे.” राजकारणातल्या माणसाला मामाने दिलेलं हे सर्वांत वरचं प्रशस्तिपत्र.

एक गोष्ट या घरगुती गोष्टींतून माझ्या लक्षात आली ती ही, की कुणीच कधी म्हटलं नाही, ‘मला नटाने भुलवलं.’ वर्तमानपत्रांत मात्र दर वेळी तेच छापून येतं: लोक भोळे, पडद्याला भुलले. माझ्या घरातली माणसं भोळी नव्हती. चुकीची असतील, हट्टी तर होतीच. प्रत्येकाकडे मताचं आपलं एक कारण होतं, आणि नट त्या कारणाच्या आसपास कुठेतरी उभा होता. याची उत्तम साक्ष विरारची मावशी.

मावशी चर्चगेटच्या एका कचेरीत नोकरीला. रोज विरारची लोकल. २००४ला उत्तर मुंबईत राम नाईक आणि गोविंदा समोरासमोर आले. रामभाऊ आमच्या गोरेगावचे. १९६४ला त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ काढला, लोकलच्या प्रवाशांसाठी आयुष्यभर भांडले, १९८९पासून सलग पाच वेळा खासदार, त्या वेळी पेट्रोलियममंत्री. बोरिवलीच्या पुढचा प्रवासी म्हणजे रामभाऊंचा माणूस, असं सगळे धरून चालले होते. निकाल लागला, गोविंदा ४८ हजारांवर मतांनी निवडून आले, आणि कळलं की मावशीने गोविंदाला मत दिलंय. आई तिच्याशी काही दिवस बोलत नव्हती.

मावशीचं म्हणणं असं. “रामभाऊंनी कामं केली, कोण नाही म्हणतंय? पण एकाच माणसाला पाच वेळा दिलं, आता त्याला आपल्या मताची सवय झालीय. आणि गोविंदा काय आकाशातून पडला? विरारचं पोर आहे ते. आम्ही ज्या गाडीला लटकलो त्याच गाडीला ते लटकलं.” हे खरं होतं. गोविंदा विरारचे, पडद्यावर आले ते त्याच स्टेशनातून. मावशीने सिनेनटाला मत दिलं नव्हतं, डब्यातल्या एका माणसाला दिलं होतं, जो सुटला. त्यात वसई-विरारचं स्थानिक राजकारण होतं, दिल्लीत वाजपेयी सरकारला कंटाळलेली हवा होती. पण त्याची फोड करायला मावशीला वेळ नव्हता, तिची ६.४० असायची.

पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. खासदार मतदारसंघात आणि संसदेत फारसे दिसत नाहीत ही टीका पाच वर्षं होत राहिली आणि २००९ला गोविंदा उभेच राहिले नाहीत. २०२४ला पुन्हा वेगळ्या पक्षाचा गमछा घालून प्रचाराला आले. आईने हे ऐकून विजयी मुद्रेने मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, “बस, माहितीये मला. सहाव्यांदा रामभाऊंना दिलं असतं तर मला बसायला जागा मिळाली असती का?” यावर आईकडे उत्तर नव्हतं, कारण मावशी निवृत्त होईपर्यंत उभ्यानेच गेली.

राज्यसभेबद्दल घरात फार बोललं गेलं नाही. पृथ्वीराज कपूर १९५२पासून तिथे होते, आणि आजोबांना ते आठवायचे ते प्रयोग संपल्यावर नाट्यगृहाच्या दाराशी मान खाली घालून, झोळी पसरून उभे असलेले. मदतनिधीसाठी ते असे उभे राहत. पुढे लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर गेले आणि त्यांच्या गैरहजेरीची चर्चा जास्त झाली. तिथे कुणी मत मागायला दारात येत नाही, मग आमच्या घराला बोलायचा अधिकार तरी काय!

दूरचित्रवाणीने मात्र नवीनच गोष्ट केली. मामाच्या मुलीला जुन्नर तालुक्यात दिलंय. २०१९ला शिरूरमध्ये अमोल कोल्हे उभे राहिले, नारायणगावचे, पेशाने डॉक्टर, आणि रात्री घरोघर संभाजीराजे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. तिथल्या माणसाला सोंग आणि माणूस यांतला फरक सांगावा लागत नाही. तरी सभेत म्हाताऱ्या बायका त्यांच्या पाया पडायला पुढे येत होत्या, असं ती सांगते. शिवाजीराव आढळराव पाटील सलग तीन वेळा निवडून आले होते, ते ५८ हजारांवर मतांनी पडले. २०२४ला मालिका कधीच संपली होती, तरी कोल्हे पुन्हा जिंकले. तेव्हा मामेबहिणीला विचारलं, आता कशामुळे? ती म्हणाली, “कांद्यामुळे.”

आणि उर्मिला मातोंडकर. २०१९ला उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या तिकिटावर. ‘मासूम’मधली ती पोर, ‘रंगीला’तली मिली, घरातली भाषा मराठी. जिभेचंही वलय आणि चेहऱ्याचंही. रिक्षात बसून, चाळीत शिरून प्रचार केला, अडखळत नव्हती, लिहून आणलेलं वाचत नव्हती. मावशी तिच्या एका सभेला शेजारणींना घेऊन गेली आणि भारावून परत आली. फोनवर अर्धा तास तिचं भाषण सांगितलं, हातवारे दिसत नसले तरी कळत होते. उर्मिला साडेचार लाखांहून जास्त मतांनी हरली, गोपाळ शेट्टी जिंकले. विरार तोवर पालघर मतदारसंघात गेलं होतं, तरी मी मावशीला विचारलं, “तुझं मत तिथे असतं तर तू उर्मिलालाच दिलं असतंस ना?”

“भाषण फार छान केलं गं तिने,” मावशी म्हणाली.

“ते झालं. मत कुणाला दिलं असतंस?”

“तुला कशाला सांगू? तुझ्या आईला जाऊन सांगशील.”